तिसऱ्या मात्रेवर हात आवरा

सांबा या ब्राझीलच्या ढोलसंगीताच्या पथकात हात बसलेल्या कोणालाही हिप-हॉपचा ठेका ऐकवा. तो म्हणेल, "एवढंच ना? सोपं आहे." लय संथ, टोले मोजके, चार वेळा ऐकलं की तोंडपाठ. आणि तोच ठेका अख्खं पथक उभं करून वाजवायला घेतला की विस्कटतो. लय पळते, मोठा ढोल नको तिथे घुमतो, बारीक वाद्यं दिसेल ती रिकामी जागा भरून टाकतात. ऐकणाऱ्याच्या पदरात ना सांबा पडतो, ना हिप-हॉप. असं का होतं आणि ते कसं सुधारायचं, ते इथे सविस्तर लिहितोय. आमच्या तालमी रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर चालतात, त्यामुळे उदाहरणंही इथलीच आहेत. ढोल, ताशा किंवा भजनाचा मृदंग हातात धरलेल्या कोकणातल्या कोणालाही ती कळतील.

अडचणीचं मूळ या दोन संगीतांच्या जन्मात आहे. हिप-हॉपची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ या दिवसापासून धरतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, डीजे कूल हर्क यांनी त्या दिवशी एका पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. गाण्यात मधेच बाकीची वाद्यं थांबून नुसता ड्रम उरतो, त्या तुकड्यावर नाचणारे सगळ्यात जास्त रंगतात. मग दोन टर्नटेबलवर एकच रेकॉर्ड लावून त्यांनी तो तुकडा पुन्हा पुन्हा लांबवला. तो तुकडा वाजवलेला असायचा एकाच माणसानं. उदाहरणार्थ, गायक जेम्स ब्राउन यांच्या बँडमधले ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड. उजवा पाय मोठ्या ढोलावर, एक हात स्नेअर या कडक आवाजाच्या छोट्या ढोलावर, दुसरा झांजेवर, आणि या सगळ्यामागे डोकं एकच. स्टबलफील्ड यांचा हात पुढे असंख्य गाण्यांत जसाच्या तसा उचलला गेला. नंतर ठेका वाजवणारी यंत्रं आली. त्यांनीही हेच केलं: सगळे आवाज एका मेंदूच्या ताब्यात.

सांबा याच्या अगदी उलट घडला. तिथे पूर्ण ठेका कोणीच वाजवत नाही. रिओ दि जानेरोमध्ये १९२८ साली 'देइशा फालार' हा गट सुरू झाला. सुर्दो नावाचा मोठा ढोल त्या गटानं आणला, असं मानतात, आणि त्याचं श्रेय बिदे या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आल्सेबियादेस बार्सेलोस यांना देतात. लोण्याच्या मोठ्या डब्यापासून त्यांनी तो बनवला होता, असं सांगतात. चालणाऱ्या शेकडो माणसांना लय ऐकू यावी म्हणून खर्जातलं काहीतरी हवं होतं. आज रिओच्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत उतरणाऱ्या मोठ्या गटांत, म्हणजे सांबा स्कूलमध्ये, अडीचशेहून जास्त वादक असतात. प्रत्येकाच्या वाट्याला आपला आपला छोटा तुकडा येतो आणि त्या तुकड्यांची बेरीज म्हणजे सांबा.

म्हणजे हिप-हॉपचा ठेका पथकात आणायचा तर एकाच्या हाता-पायांतलं वादन पंचवीस जणांत वाटावं लागतं. वाटणी ठरवायला वेळ लागत नाही. ती वाटणी एका डोक्यातून आल्यासारखी ऐकू यायला मात्र घाम गाळावा लागतो.

ठेका कागदावर मांडू. एका आवर्तनात चार मात्रा, प्रत्येक मात्रेची चार घरं, अशी सोळा घरं. खर्जाच्या टोल्याला धूम्, त्याहून किंचित चढ्या ढोलाला दुम्, स्नेअरसारख्या कडक आवाजाला ता, आणि रिकाम्या घराला आपला नेहमीचा अवग्रह:

धूम् ऽ ऽ ऽ । ता ऽ ऽ दुम् । ऽ ऽ धूम् ऽ । ता ऽ ऽ ऽ

सोळातली पाच घरं वाजली, अकरा रिकामी राहिली. हा झाला सांगाडा. हिप-हॉपमध्ये याची असंख्य रूपं आहेत, पण शिकायला हेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. यातल्या अडचणी कळल्या की बाकीच्या रूपांना फार वेळ लागत नाही.

आता नववं घर बघा, म्हणजे तिसऱ्या मात्रेची सुरुवात. तिथे काहीच नाही. पथक पडतं ते नेमकं इथेच. पहिल्या मात्रेला धूम् वाजला की तिसरीलाही धूम् हवा, असं हात आपोआप ठरवतो. ढोल हातात असलेल्या माणसाला मात्रेच्या तोंडावर गप्प राहणं फार जड जातं. शिमग्यात पालखीपुढे वाजवून तयार झालेला हात तर भरीव वाजवायलाच शिकलेला असतो. त्याचं ते कामच आहे. पण हिप-हॉपला डौल येतो तो याच जागेमुळे. ऐकणारा तिसऱ्या मात्रेला टोल्याची वाट बघतो, टोला येत नाही, आणि दोन घरं उलटल्यावर अकराव्या घरात येतो. मान डोलते ती त्या उशिरामुळे. नवव्या घरात कोणी टोला टाकला की त्या ठेक्याचं लेझीम होतं. लेझीम सुंदरच, पण ते वेगळं.

यावर आपल्याकडेच एक उपाय तयार आहे आणि तो इतका चपखल बसतो की मी प्रत्येक नव्या वादकाला तिथूनच सुरुवात करायला लावतो. त्रितालाच्या मात्रा सोळा. टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, आणि खाली, म्हणजे टाळीऐवजी हात बाहेर वळवायची जागा, नवव्या मात्रेवर. आता वरच्या सोळा घरांवरून पुन्हा बोट फिरवा. पहिल्या घरात धूम्, पाचव्यात ता, तेराव्यात ता, आणि नववं रिकामं. या दोन्हींचं एकमेकांशी काही नातं नाही. त्रितालाच्या खालीवर तबला बोलतच असतो, फक्त बायाचा खर्ज मागे सरतो. पण मोजायला याहून चांगला आधार नाही. ढोल खाली ठेवायचे, वाळूत गोल करून बसायचं, तोंडानं ठेका म्हणायचा आणि हातानं टाळी-खाली द्यायची. नवव्या घराला हात बाहेर वळला की त्या रिकाम्या जागेला शरीरात एक कृती मिळते. गप्प बसायचं आहे हे लक्षात ठेवण्यापेक्षा हात वळवणं कितीतरी सोपं. तोंडी ठेका बिनचूक होईपर्यंत वाद्याला हात लावू देऊ नये. मुलं कुरकुरतात. कुरकुरू द्यावीत.

दुसरी अडचण सांबाचीच सवय आहे. सांबात दोन मात्रांचा हिशेब असतो आणि वजन पडतं दुसऱ्या मात्रेवर. सगळ्यात खर्जातला पहिला सुर्दो दुसऱ्या मात्रेला वाजतो, त्याहून चढा दुसरा सुर्दो पहिल्या मात्रेला त्याला जोड देतो, आणि तिसरा या दोघांच्या मधल्या जागा कापत फिरतो. हिप-हॉपमध्ये खर्ज येतो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला येतो कडक, कोरडा ता. म्हणजे ज्या मात्रेला पहिल्या सुर्दोचा हात वर्षभर सवयीनं पडत आलाय, तिथेच त्याला आता थांबायचं आहे. डोक्याला हे एका वाक्यात पटतं. खांद्याला पटायला आठवडे लागतात. म्हणून पहिल्या सुर्दोवर मी शक्यतो पथकातला सगळ्यात शांत माणूस देतो. ताकदीचा विचार नंतर.

वाटणी अशी करतो. पहिला सुर्दो घरं १ आणि ११. दुसरा सुर्दो फक्त घर ८. तिसरा सुर्दो तीन आवर्तनं गप्प, चौथ्याच्या शेवटी समेवर नेणारा छोटा तुकडा. काइशा, म्हणजे तारा लावलेला सांबाचा छोटा ढोल, घरं ५ आणि १३ कडक वाजवतो. खुळखुळा एक सोडून एक घर हलका चालत राहतो, अगदी नवव्या घरातही, कारण बाकीच्यांना त्याचाच आधार असतो. वजन मात्र तिथे कोणी टाकायचं नाही. सुर्दो मिळाला नाही तर मोठा ढोल एकाच बाजूनं वाजवायचा, टिपरूऐवजी टोकाला मऊ कापडी गोळा असलेल्या दांड्यानं. काइशाच्या जागी शाळेच्या बँडातला साइड ड्रम चालतो. ताशाही चालतो, पण त्याच्या पानावर एक रुमाल टाकावा. नुसत्या ताशाला गप्प राहणं जमत नाही आणि तो वाजवणाऱ्यालाही.

पहिल्या सुर्दोच्या मोकळ्या हाताबद्दल थोडं सांगायला हवं. टोला मारला की पान घुमत राहतं. तो घुमारा पाचव्या घरापर्यंत लांबला तर ता त्यात बुडतो. म्हणून टोल्यानंतर दुसऱ्या हाताचा तळवा पानावर टेकवून आवाज कापायचा. किनाऱ्यावर, उघड्या हवेत, हे कमी जाणवतं. बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत येतो, तेव्हा तळवा न टेकवणारा एक सुर्दो अख्ख्या पथकाचा चिखल करतो. आणि पावसाळ्याच्या तोंडावर चामड्याची पानं दमट हवेनं सैल पडतात, तेव्हा तर दाबल्याशिवाय काही ऐकूच येत नाही. जूनपासून आम्ही सरळ फायबरची पानं चढवतो.

आता लयीचा आकडा. रिओच्या मिरवणुकीत सांबा साधारण मिनिटाला १४० मात्रांच्या आसपास चालतो. हिप-हॉपचा हा ठेका ९०च्या आसपास. १४०ला एका घरापासून पुढच्या घरापर्यंतचं अंतर सेकंदाच्या एक हजारांश भागांत मोजलं तर साधारण १०७ भाग येतं, ९०ला १६७. म्हणजे प्रत्येक दोन टोल्यांत दीडपटीहून जास्त जागा. जलद लयीत पुढचा टोला इतक्या लवकर येतो की मधली चूक झाकली जाते. संथ लयीत चूक उघडी पडते, आणि त्या मोकळ्या जागेत बेचैन झालेला हात पुढचा टोला लवकर टाकतो. लय पळण्याचं कारण हेच. यासाठी एक सराव फार उपयोगी आहे: मोबाइलवरचा मेट्रोनोम ९०वर न लावता ४५वर लावायचा, आणि त्याचा टिक म्हणजे दुसरी आणि चौथी मात्रा धरायची. सम आपण स्वतः शोधायची. पहिल्या दिवशी गोंधळ उडतो. पण असा सराव केलेल्या वादकाची लय रस्त्यावर सहसा सुटत नाही.

इथपर्यंत आलं की ठेका बरोबर वाजतो आणि तरी काहीतरी कोरडं लागतं. कारण अजून सगळी घरं एकसारख्या मापाची आहेत. हिप-हॉपच्या खूपशा ठेक्यांत ती तशी नसतात. दोन-दोन घरांच्या जोडीत पहिलं घर थोडं लांब आणि दुसरं थोडं आखूड असतं. याला स्विंग म्हणतात. ठेक्याची यंत्रं घडवणारे रॉजर लिन यांनी हे आपल्या यंत्रांत आकड्यांनी बांधलं. १९८८ साली आलेल्या आकाई कंपनीच्या एमपीसी ६० या यंत्रात ५० टक्के म्हणजे दोन्ही घरं समान, आणि ७५ टक्क्यांपर्यंत झुकवण्याची सोय. हिप-हॉपमध्ये ५४ ते ६० टक्क्यांच्या दरम्यानचा झोक कानाला फार गोड लागतो. ९०च्या लयीत ५८ टक्के धरले तर जोडीतलं दुसरं घर सरळ मापापेक्षा २७ हजारांश सेकंद उशिरा येतं. एवढंसं. पण मान डोलणार की नाही, ते एवढ्याशावर ठरतं.

आता पुन्हा सांगाड्याकडे. वाजणारी घरं १, ५, ८, ११, १३. स्विंगमध्ये उशिरा येतात ती जोडीतली दुसरी, म्हणजे २, ४, ६ अशा सम आकड्यांची घरं, आणि या पाचांत तसं घर एकच, आठवं. ते वाजवतो दुसरा सुर्दो. म्हणजे सांगाड्यापुरता सगळा झोक एका माणसाच्या हातात, आणि त्याला आवर्तनात टोला एकच. आमच्याकडे तिथे एक अकरावीतली मुलगी उभी असते. तिचा प्रश्न मला नेहमी आठवतो.

"दादा, माझं चुकतंय काय?"

"चुकत नाय गो, लवकर येतंय. आठव्याला जरा थांब, मग मार."

"किती थांबू?"

"पुढच्या मात्रेवर आदळेल असं वाटेपर्यंत."

तिनं थांबून मारला आणि शेजारच्या काइशावाल्यानं वाजवता वाजवता तिच्याकडे वळून बघितलं. फरक इतका स्पष्ट असतो. आकड्यांनी समजावून झोक येत नाही, तो ऐकून येतो. ज्यांच्या घरी भजन आहे, डबलबारीला बुवांच्या मागे बसून ज्यांनी टाळ धरलाय, त्यांना तो फार लवकर सापडतो, कारण भजनी ठेक्याला मुळातच झोका असतो. सरळसोट कवायतीच्या बँडमध्ये वाढलेल्यांना जास्त वेळ द्यावा लागतो.

काइशानं झोक पूर्ण करायचा तो कुजबुजीनं. पाच आणि तेरा कडक, आणि मधे ८, १०, १६ या घरांत अगदी हलके टोले. काठी पानापासून दोन बोटं वर, त्याहून जास्त नाही. कडक टोल्याला ती खांद्याच्या उंचीवरून यायला हवी. सांबात काइशा सोळाच्या सोळा घरं वाजवतो, त्यामुळे हलका टोलाही नकळत मोठा होत जातो. मी काइशावाल्यांना सांगतो की कुजबुज शेजारच्याला ऐकू आली पाहिजे, रस्त्यापलीकडच्याला नाही. तांबोरीं हे हातात धरायचं छोटं डफासारखं वाद्य आणि दोन घंटांचा आगोगो यांना दोन आवर्तनांत मिळून चार-पाच टोल्यांचा एखादा चटका द्यावा, म्हणजे गाण्याच्या धृपदासारखं काहीतरी कानात राहतं. त्यांनी जास्त वाजवण्याचा आग्रह धरला तरी देऊ नये.

रस्त्यावर आणखी एक अडचण उभी राहते आणि ती थेट भौतिकशास्त्राची आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. पथक दहा मीटर लांब असेल तर शेवटच्या रांगेचा टोला पहिल्या रांगेला पोचायला २९ हजारांश सेकंद लागतात. वरचा झोक होता २७. म्हणजे मागच्या सुर्दोचा आवाज ऐकून पुढचा वादक वाजवू लागला तर केवळ अंतरामुळे तो एका पूर्ण झोकाएवढा मागे पडतो, आणि त्याच्यामागचा त्याचं ऐकून आणखी. सांबाच्या जलद, भरीव गदारोळात हे काहीसं खपतं. इथे खपत नाही. म्हणून या ठेक्याला रांगा जवळ घ्याव्यात, सुर्दो कडेला न ठेवता मधोमध आणावेत, आणि लय कानानं न घेता डोळ्यांनी घ्यावी. प्रकाशाला उशीर होत नाही. पुढे उभ्या असलेल्या मेस्त्रेचा हात हीच लय. मेस्त्रे म्हणजे सांबाच्या पथकाचा म्होरक्या. त्यानंही इथे शिट्टी कमी आणि हात जास्त वापरावा.

पाय विसरू नका. डावा पाय पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला, उजवा दुसऱ्या आणि चौथ्या. नवव्या घरात ढोल गप्प असतो, पण डावा पाय तिथेच पडतो. वाळूत बसून जी खाली हातानं दिली, ती आता पायानं द्यायची. पायाला काम मिळालं की हात शांत राहतो. ९०च्या लयीला चाल नेहमीपेक्षा संथ पडते, म्हणून मिरवणुकीत पावलं थोडी लांब टाकावीत, नाहीतर मागून येणारे अंगावर येतात.

ज्यांना सांबावरून थेट इथे उडी मारणं जड जातं, त्यांच्यासाठी मधला पूल आहे सांबा-रेगे. ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात नेगिन्यो दो सांबा यांनी तो घडवला, आणि १९७९ साली सुरू झालेल्या ओलोदुं या गटामुळे तो जगभर पोचला. त्याची लय संथ असते, खर्ज भरदार असतो आणि सुर्दो एकमेकांना उत्तरं देत जातात. आधी तो बसवला तर संथ लयीची भीती जाते. सांबात हे मिसळणं शुद्धीत बसत नाही, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना सांगावं की १९९७ साली रिओच्याच मुख्य मिरवणुकीत व्हिराडोरो या स्कूलच्या मेस्त्रे जोर्जाऊं यांनी सांबा चालू असताना रिओच्या फंकचा ठेका मधे आणला, आणि त्या वर्षीचं विजेतेपदही व्हिराडोरोलाच मिळालं.

थांबणं हा तर दोन्हीकडचा सामाईक धागा. रिओच्या मोसिदादे या स्कूलच्या मेस्त्रे आंद्रे यांनी १९५९ साली मिरवणुकीत सगळं वादन एकदम तोडून पुन्हा उचललं. त्याला पाराजिन्या म्हणतात. तिथे ढोल थांबतात आणि गाणारे चालू राहतात. कूल हर्क यांच्या तुकड्यात बाकीचे थांबतात आणि ढोल चालू राहतो. पथकात दोन्ही करून बघण्यासारखं आहे: चार आवर्तनं पूर्ण ठेका, मग नुसता खुळखुळा आणि बघ्यांच्या टाळ्या, मग नुसते सुर्दो.

शेवटी सांबावर परत यायचं कसं, हे ठरवून ठेवावं, कारण परतताना पथकं पुन्हा विस्कटतात. हिप-हॉपची लय ९२ ठेवा आणि सांबाची १३८. १३८ ही ९२ची बरोबर दीडपट, आपल्या भाषेत आड. रेपिनिक, म्हणजे एका हातात काठी आणि दुसरा हात मोकळा असा वाजवायचा चढ्या आवाजाचा ढोल, पथकाला साद घालतो. त्यानं शेवटच्या आवर्तनाच्या चार मात्रांत सहा समान टोले मारायचे. तबल्यावर आड शिकलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्या सहा टोल्यांतच सांबाची लय आहे. पुढच्या समेवर दुसरा सुर्दो उतरतो. पहिल्यानं तिथे थांबायचं आणि त्याच्या पुढच्या मात्रेला यायचं.